फणफण्याच्या भुवया

फणफण्या हे कार्टूनमधलं साळिंदर, आणि त्याचा सगळा राग भुवयांत. जाड, झुपकेदार, मधोमध एकमेकींच्या अंगावर धावून जाणाऱ्या भुवया. त्या मूळच्या काकूंच्या यजमानांच्या; यजमान कार्टूनच्या स्टुडिओत चित्रकार होते आणि काकू तिथेच चित्रं रंगवायच्या. टेबलावर आरसा ठेवायचा, पात्राच्या मनात जे आहे ते आधी स्वतःच्या तोंडावर आणायचं आणि मग कागदावर उतरवायचं, ही त्या स्टुडिओची जुनी रीत. यजमान आरशात बघून फणफणले आणि फणफण्या जन्माला आला. पुढे यजमान गेले, भुवया तेवढ्या पडद्यावर राहिल्या.

बाकी फणफण्या पुष्कळ बदलला होता. आधी तो काटकुळा होता, नाक लांबलचक. मग काटे कमी झाले, कारण चित्रामागून चित्रात ते काढून माणसांची बोटं भरून यायची. पुढे पोट सुटलं, डोळे मोठे झाले. प्रत्येक वेळी काकूंनी नाक मुरडलं, आणि प्रत्येक वेळी तो रंगवलाही त्यांनीच.

आता नव्या सिनेमासाठी त्याला पुन्हा नवं रूप द्यायचं होतं, आणि ते काम काकूंच्या सुनेकडे होतं. काकूंच्या होकाराशिवाय नवं रूप वापरायचं नाही, असं यजमान करारात घालून गेले होते. म्हणून सून त्यांना सकाळीच गाडीत बसवून स्टुडिओत घेऊन आली.

काकू भिंतीवरच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"याच्या भुवया कुठे गेल्या?"

"नाही ठेवल्या, आई."

"का? भाड्याने दिल्यास?"

"आता मुलं मोबाइलवर बघतात. एवढ्याशा पडद्यावर त्या कचरा चिकटल्यासारख्या दिसतात."

"माझ्या नवऱ्याच्या भुवयांना कचरा म्हणतेस?"

"मी चित्राबद्दल बोलतेय."

"मीही चित्राबद्दलच बोलतेय. भुवया नाहीत, तर होकार नाही."

खोलीतल्या चित्रकारांनी माना खाली घातल्या. सासू-सुनेच्या मध्ये कोण पडणार? सुनेचा चेहरा उतरला. वर्षभर ती या चित्रात जीव ओतत होती. पण ती वाद घालत बसली नाही. तिने आपली खुर्ची पुढे केली.

"बसा. तुम्हीच काढून बघा. शोभल्या तर ठेवू."

काकूंनी चष्मा पुसला, पेन्सिल घेतली. त्या भुवया त्यांना डोळे मिटूनही काढता आल्या असत्या. झरझर काढल्या आणि कागद लांब धरून पाहिला. नव्या गोल, मऊ चेहऱ्यावर त्या वाट चुकून वर चढलेल्या मिशांसारख्या दिसत होत्या. खोडून बारीक केल्या, तर फणफण्या चोरीच्या बेतात असल्यासारखा दिसू लागला. मागे कोणीतरी खुदकन हसलं. काकूंनी डोळे वटारून वळून पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि त्यांनाच हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र हसण्याचं नव्हतं.

"नाही गं बसत," त्या हळूच म्हणाल्या. "या तोंडावर नाही बसत त्या."

सुनेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग हा रागावतो कसा, ते तरी दाखव."

काकूंनी उठून खुर्ची दिली. सून आरशासमोर बसली आणि अवघडली. "तुमच्यासमोर कसं तोंड करू?"

"का? मी टीव्हीचा आवाज वाढवला की करतेसच की घरी."

आता सगळी खोलीच हसली. सुनेलाही हसू फुटलं, मग तिने ते गिळलं आणि घरचं ते तोंड केलं: एक गाल फुगलेला, ओठ एका बाजूला, नजर छताला. पेन्सिल चालू लागली. कागदावर फणफण्या असा काही फुगून बसला, की त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नसती, आणि जवळ घ्यावंसं मात्र सगळ्यांना वाटलं असतं.

काकूंनी कागद जवळ ओढून पाहिला. यजमानांची एकही रेष त्यात नव्हती. तरी तो फणफण्याच होता.

"ह्यांनी पहिला काढला ना, तेव्हा मी म्हटलं, अहो, हे तर तुमचंच तोंड. तर म्हणाले, मग दुसरं कोणाचं आणू?"

"म्हणजे... हो समजू, आई?"

"हो म्हणजे हो. आता समजूत काढल्यावरचं तोंड कर. सारखा फुगून बसला तर सिनेमा पुढे कसा जायचा?"

सून आरशात बघून प्रयत्न करू लागली, पण ते काही जमेना. तेव्हा काकूंनी एक खुर्ची तिच्याशेजारी ओढली आणि त्याही आरशात बघू लागल्या.