ताट रिकामं होईपर्यंत

पॉलिशवाला जेवायला निघाला तेव्हा बेबीनं आपली पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. दोन झगे, टॉवेल, कंगवा आणि तिचा तो बटणांचा डबा. बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. वयानं चाळिशीच्या पुढची, समजेनं लहान पोरीएवढी. आई गेल्यापासून तिचं न्हाणंधुणं, खाणंपिणं सगळं हाच बघत आलेला. आणि आज चूकही ह्याचीच. दोस्तांना विचारायच्या आधीच तिला सांगून बसला होता, की मी नसलो की तू रंध्याकडे नाहीतर गादीवाल्याकडे राहायचं. नसलो की म्हणजे काय, हे तिला कुठून कळणार? तिला वाटलं, आजच निघायचं.

तसं त्याचं नसणं काही फार लांब राहिलं नव्हतं. फर्निचरच्या कारखान्यात जन्मभर पॉलिश मारून छातीचं पार भुसकट झालेलं. डॉक्टरांनी ह्या खेपेला औषध बदललं नाही. घरी कोण कोण असतं, एवढंच विचारलं. त्यावरून तो काय ते समजला.

रंध्या आणि गादीवाला त्याच कारखान्यातले. रंध्या लाकूड तासायचा आणि बोलायचाही तसाच, समोरच्याचं साल काढत. गादीवाला खुर्च्यांना कापड चढवायचा. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि पोटही दुकानाला शोभेल असं. तिघांचा तेव्हापासूनचा एक नियम होता. डबा उघडला की रडगाणं बंद. एकदा जेवताजेवता भांडण होऊन कुणीतरी पटाशी उगारली होती, त्या दिवशी ठरलं, की काय मागायचं, काय भांडायचं ते जेवण संपल्यावर. मग पोरगं नापास झालं काय, बायको माहेरी गेली काय, ह्यांनी सगळ्या बातम्या एकमेकांना हात धुताना सांगितल्या.

आजचा कोरियन बुफे ही गादीवाल्याची हौस. टेबलाच्या मधोमध शेगडी, पातळ कापलेलं मांस आपणच आणायचं, आपणच भाजायचं, हवं तितकं खायचं. फक्त ताटात टाकलं तर दंड, अशी पाटी भिंतीवर. पॉलिशवाल्याला खरं तर धूर म्हणजे वैरी. पण मागायला निघालेला माणूस कुठल्या तोंडानं कुरकुर करणार?

सुरुवात झकास झाली हो, खोटं कशाला बोला. मांस कापायला कात्री दिलेली बघून गादीवाल्याला जुना हुरूप आला. सोफ्याचं कापड बेतावं तसे तो तुकडे पाडत सुटला. रंध्याच्या हातातून जेवायच्या त्या चपट्या लोखंडी काड्या दहादा निसटल्या, शेवटी त्यानं त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या आणि सरळ बोटं चालवली. पॉलिशवाला हसला, हसताहसता खोकला, आणि दोघांनी एकदमच त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. त्याला बरं वाटलं. काम होणार असं वाटलं.

म्हणून तो भराभर जेवला. ताट संपत आलं तसा त्यानं घसा खाकरला. तोच रंध्या उठला, आंबट-तिखट कोबी आणि भाताच्या गुंडाळ्या घेऊन आला आणि त्याच्याच ताटात वाढल्या. तो त्या संपवतोय तोवर गादीवाल्यानं शेवया आणल्या. मग परत मांस. पोटात जागा नव्हती, पण ताट भरलेलं असताना बोलायचं कसं? तो मुकाट्यानं खात राहिला. मग गादीवाल्यानं हिरवं पान घेतलं, त्यात मांस, लसूण, लाल चटणी घालून मोठा घास बांधला आणि त्याच्या तोंडात कोंबला. कोरियन लोक जवळच्या माणसाला असंच भरवतात म्हणे.

पॉलिशवाल्याचे डोळे भरून आले. आई गेल्यापासून त्याला कुणी भरवलं नव्हतं. आणि त्या भरल्या डोळ्यांनीच त्याला दिसलं, की त्या दोघांच्या ताटांत मघापासूनचं तसंच आहे. दोघं जेवतच नव्हते. दोघांचं लक्ष फक्त त्याच्या ताटावर होतं, ते रिकामं होऊ नये म्हणून.

तरी हेका सोडला नाही त्यानं. हॉटेलातली पोरगी येऊन शेगडी विझवून गेली, तसं त्यानं होतं नव्हतं तेवढं घशाखाली ढकललं, पानाच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं आणि दोघांच्या मधे सरकवलं.

"झालं बघा रिकामं," तो म्हणाला.

गादीवाला विझल्या शेगडीकडे बघत बसला. बोलला तो रंध्या, आणि जन्मात कधी बोलला नसेल इतक्या हळू बोलला.

"विचारू नकोस रे. विचारलंस तर नाही म्हणावं लागेल." मग म्हणाला, "बेबीचा फोन आला होता. माझी कॉट खिडकीशी लावाल ना, म्हणत होती."

वाईट माणसं नव्हती ती. रंध्या स्वतःच जावयाच्या घरी, जिन्याखालच्या खोलीत दिवस काढत होता. गादीवाल्याची बायको अंथरुणाला खिळलेली आणि घरात शब्द चालायचा तो सुनेचा. हे सगळं पॉलिशवाल्याला पाठ होतं. तरीही तो आला होता, कारण तिसरं दारच नव्हतं. राग आला असता तर बरं झालं असतं, पण तोही येईना.

"मग गोड काय आहे इथे?" त्यानं विचारलं.

दोघांचा जीव भांड्यात पडला. पडताना त्याला दिसला, आणि ते त्याला नकारापेक्षा जास्त लागलं. आइसक्रीम आणायला दोघंही धावले.

घरी बेबी चपला घालून पिशवीशेजारी बसलेली. कुणाकडे जायचं, म्हणाली. तो म्हणाला, जेवण लांबलं, विचारायचं राहून गेलं. नियम तिलाही ठाऊक होता, त्यानंच शिकवलेला.

"ताट रिकामं नाही झालं?"

"नाही झालं गं."

तो खाली बसला, दम खाल्ला आणि पिशवीतला टॉवेल काढायला लागला. बेबीनं त्याचा हात धरला.

"राहू दे ना दादा. उद्या परत भरावं लागेल."

तो बरं म्हणाला. टॉवेल होता तसा आत ठेवला आणि पिशवी दाराशीच राहू दिली.