वायव्हिसच्या डोंगरावर उसवलेला किल्ट

मित्रांनो, मी एक जुना किल्ट आहे, आणि आधीच कबूल करतो, जन्मापासून भित्रा आहे. तुम्ही मला पहिल्यांदा पाहाल तर म्हणाल, हा तर लोकरीचा परकर! म्हणा. आमच्या डिंगवॉल गावात पुरुष मला कमरेला गुंडाळतात, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळतात आणि उघड्या गुडघ्यांनी वाऱ्यात हिंडतात. लग्नसमारंभाचे किल्ट आठ वारांचे, जड आणि मानी असतात. मी पाच वारांचा, रोजच्या वापराचा. जाड मोजे, चिखलाचे बूट आणि जुना स्वेटर हे माझे सोबती. शेवाळी रंगावर करड्या आणि विटकरी रेघा, अशी माझी चौकडी आहे.

मला शिवले एल्स्पेथ डॅलगार्नो या बाईंनी. बेकरीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशी त्यांचे टेबल होते. कात्री पाहूनच मला कापरे भरले, पण कात्रीपेक्षा भयंकर होते एल्स्पेथबाईंचे डोळे. त्या कापड मुठीत आवळायच्या, दहा आकडे मोजायच्या आणि सोडायच्या. सुरकुती राहिली की ते कापड आल्या वाटेने परत. मी श्वास रोखून धरला. सुरकुती पडली नाही.

मग चुण्या. समोरून मी सपाट असतो, चुण्या सगळ्या मागे. पण त्या अशा घालाव्या लागतात, की पाठीमागची चौकडी समोरच्या चौकडीसारखीच अखंड दिसावी. एक रेघ हलली, तर पाहणाऱ्याची नजर तिथेच अडखळते. माझा खालचा काठ दुमडलेला नाही. मागावर विणला गेला तसाच तो आहे, कारण दुमडलेला काठ चुण्यांना नीट झुलू देत नाही. हे सगळे करताना बाई एकच वाक्य पुटपुटायच्या, "रोजचा आहे म्हणून काय झालं? रोजच्यालाच जास्त झिजायचंय."

माझा मालक टॉर्मड गन हा शाळेची बस चालवायचा. तो मला घ्यायला आला तेव्हा बाईंनी मला त्याच्या कमरेला गुंडाळून दाराकडे बोट दाखवले.

"चाल. दारापर्यंत जा, आणि मागं बघू नकोस."

"बाई, हा बसमध्ये घालायचाय. माझी पाठ कुणाला दिसणार?"

"मला दिसतेय ना? चाल."

तो चालला. माझ्या चुण्या उजवीकडे झुलल्या, डावीकडे झुलल्या आणि जागच्या जागी आल्या. बाई काही बोलल्या नाहीत. नंतर मला कळले, की त्यांचे न बोलणे हेच कौतुक असते.

पुढची नऊ वर्षे मी बसच्या खुर्चीवर, फुटबॉलच्या मैदानावर आणि कुत्र्याला फिरवताना घालवली. टॉर्मडचा थोरला भाऊ हेक्टर याने एक स्वस्तातला किल्ट घरबसल्या मागवला होता. सामन्याच्या दिवशी तो माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला, "अरे, दोन्ही सारखेच दिसतात की! तू बाईंच्या दारात चार महिने कशाला रांग लावलीस?"

तेवढ्यात पाऊस आला. हेक्टरच्या किल्टच्या चुण्या फक्त इस्त्रीच्या होत्या. भिजताच त्या एकामागून एक उलगडल्या आणि तो उघड्या छत्रीसारखा फुगला. टॉर्मडची बायको ऊना म्हणाली, "भावजी, घट्ट धरा हो त्याला, नाहीतर गोलरक्षक पळून जाईल!"

सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. भित्र्याला दुसऱ्याची फजितीही आपल्यावर येणार असे वाटत राहते.

आणि ती वेळ आली. ऑक्टोबरचा रविवार होता. ऊन पडले होते म्हणून टॉर्मड जाकीट गाडीतच ठेवून वायव्हिसचा डोंगर चढू लागला. "जेवायला येतो," असे तो ऊनाला सांगून निघाला होता. ती मसूर आणि गाजराचे सूप करणार होती.

अर्ध्या वाटेवर धुके उतरले. आधी माथा गेला, मग वाट, मग आपलेच बूट. टॉर्मड परत फिरला, पण चार पावलांनंतर काळ्या दलदलीचा काठ त्याच्या पायाखालून निसटला. आम्ही दोघे घसरत ओहोळात आदळलो. मला एक आवाज ऐकू आला, वाळकी फांदी मोडावी तसा. तो त्याच्या पायाचा होता.

मित्रांनो, मोठा माणूस ओरडतो तेव्हा भीती वाटते. पण तो ओरडणे थांबवून हळू आवाजात स्वतःशी बोलू लागतो, तेव्हा जास्त वाटते.

"शांत. शांत राहा, टॉर्मड. फोन?" फोन पाण्यात गेला होता. "बरं. नाही फोन. पाय बांध आधी."

मोज्यात खोचलेली सफरचंद कापायची छोटी सुरी होती. त्याने माझे पट्टे कापले आणि हातातली काठी मोडक्या पायाला त्या पट्ट्यांनी घट्ट बांधली. भिजलेला स्वेटर काढून पिळला आणि पुन्हा घातला. तो इतका थरथरत होता, की त्याचे दात मला ऐकू येत होते. मग त्याने मला कमरेवरून सोडले. आत काय घातले होते ते मी सांगणार नाही. तो आमच्या दोघांतला विषय आहे.

त्याने मला खांद्यावर ओढून पाहिले. पण शिवलेल्या चुण्यांमुळे मी अंगभर पुरेना. पाच वार लोकर, आणि सगळी एका कमरेएवढ्या जागेत कोंडलेली! टॉर्मडने माझ्याकडे पाहिले, मग सुरीकडे.

मला कळले. मी लोकरीचा प्रत्येक धागा आवळून धरला. नको, नको, नको! टाके गेले तर मी किल्ट राहणार नाही, नुसते कापड होईन. त्या खिडकीशी बसून घातलेला एकेक टाका सुरीच्या टोकावर तुटू लागला. टच्. टच्. त्याचे हात कापत होते. दोनदा सुरी निसटली आणि थेट माझ्या अंगात घुसली.

"माफ करा, बाई," तो धुक्यात कुणालाच उद्देशून म्हणाला. "माफ करा."

शेवटचा टाका तुटला आणि मी उलगडलो. मला स्वतःलाच ठाऊक नव्हते मी केवढा आहे ते! त्याने माझे डोक्यावरून, छातीवरून, पायांवरून तीन वेढे घेतले. मी भिजलो होतो, पण लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. त्याच्या अंगातली जेवढी होती तेवढी मी धरून ठेवली.

झोप लागू नये म्हणून तो बसचे थांबे म्हणू लागला. "चर्चचं वळण, दोन जुळ्या बहिणी. शेताचं फाटक, मॅक्रेंचा मुलगा, रोज उशीर. पूल..." संपले की पुन्हा पहिल्यापासून. दुपार सरली. त्याच्या यादीतले थांबे गळू लागले. आधी पूल गेला, मग फाटक. मग त्याची थरथर थांबली. मला वाटले, बरे वाटले त्याला. पण त्याचा श्वास माझ्या कडेवर लागेनासा झाला, तेव्हा कळले की हे बरे नव्हे. मी कापड. मला हाक मारता येत नाही. त्या तासाइतका मी आयुष्यात कधीच घाबरलो नाही.

उजेड जाता जाता कुत्रा भुंकला. जेवायची वेळ टळताच ऊनाने हेक्टरला फोन केला होता आणि त्याने डोंगरावरच्या शोधपथकाला. सगळ्यांच्या पुढे हेक्टरच धावत होता. धुक्यात त्याला माझी विटकरी रेघ दिसली.

"अरे गाढवा!" तो गुडघ्यांवर कोसळला आणि मला धरून हलवू लागला. "कांबळं पांघरून कसला बसलायस? बोल काहीतरी! शिवी दे मला!"

खूप वेळाने माझ्या आतून आवाज आला, "चर्चचं... वळण."

हेक्टर एवढा मोठा माणूस, माझ्यात तोंड खुपसून रडला.

टॉर्मड वाचला. मी मात्र प्लास्टिकच्या पिशवीत ओलाच पडून राहिलो. अंगाला कुबट वास सुटला. आता कचऱ्यात, असे मी रोज समजत होतो. ऊनाने पिशवी उघडली, नाक मुरडले, आणि मला कोमट पाण्यात बुडवून चुलीवरच्या दांडीवर वाळत घातले.

"बाईंना दाखवू या," ती म्हणाली.

"नको गं! त्यांचे टाके कापलेत मी. त्या माझा दुसरा पाय मोडतील."

पण एल्स्पेथबाई आपणहून आल्या. गावात बातमी लपते कुठे! त्यांनी मला टेबलावर पसरले. चष्मा लावला. भोके शोधली, काठ तपासला, बोट फिरवत पाच वार चालून गेल्या. मी थिजलो. टॉर्मडही थिजला होता.

"कापड दोनदा कापलंस."

"हात थरथरत होते, बाई."

"थरथरणारच." त्यांनी चष्मा काढला. "दोन्ही भोकं चुणीच्या आत जातील. कापड चांगलं आहे. पण मी नाही शिवणार."

त्यांनी हात टेबलावर ठेवले. बोटांची पेरे सुजून वाकडी झाली होती. दोन वर्षांत त्यांनी सुई धरली नव्हती आणि कुणाला सांगितलेही नव्हते.

"पाय प्लास्टरमध्ये आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग बसूनच आहेस की. तू शिव."

तो हिवाळा आम्ही तिघांनी भीतीतच काढला. टॉर्मड स्टुलावर पाय ठेवून शिवायचा. दर मंगळवारी बाई यायच्या, मला उलटा करायच्या आणि आतली बाजू बघायच्या. "हा टाका की खिळा? उसव." बस वळवणारे जाड हात सुईने रक्ताळले. तीनदा मी पुरता उसवलो गेलो. मला बाईंची भीती, टॉर्मडला बाईंची भीती. आणि बाईंना कसली, ते मला एकदा दिसले. टॉर्मडची सुई अडली तेव्हा त्यांचा हात आपोआप पुढे आला, अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर परत गेला.

मार्चमध्ये मी पुरा झालो. लांबी बघायला माणसाला गुडघे टेकवून बसवतात. टॉर्मडला मोडलेल्या पायाचा गुडघा टेकवता येईना, म्हणून तो उभाच राहिला. तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एल्स्पेथबाई स्वतः खाली बसल्या, त्याच्या गुडघ्यांपाशी डोळे नेले आणि माझा काठ बरोबर मधोमध येतो का ते पाहू लागल्या.



"मागून चौथी चुणी," त्या म्हणाल्या, "रेघ एका दोऱ्यानं डावीकडं गेलीय."

टॉर्मडचा चेहरा उतरला. "उसवू?"

बाईंनी त्या रेघेवर आपले वाकडे बोट टेकवले. मी जीव मुठीत धरला होता.

"आधी मला उठव, पोरा," त्या म्हणाल्या. "मग चहा टाक. ती रेघ राहू दे."

मित्रांनो, मी अजूनही तो किल्ट आहे, आणि अजूनही भित्राच आहे. आता जाकीट नेहमी बरोबर असते, तरी वायव्हिसवर धुके दिसले की माझे टाके आवळतात. म्हणून एवढेच मागतो. कपडा घेताना त्याचा रंग जरूर पाहा, पण त्याला एकदा उलटाही करा. कुणीतरी तिथे डोळे फोडून बसलेले असते. आणि त्याला ओला, अंधाऱ्या पिशवीत कोंडू नका. उन्हात घाला, कसर लागू देऊ नका, टाका सुटला तर स्वतः सुई घ्या. वाकडा आला तरी चालेल. कपड्याला ते कळते.