जोडीनं घ्यायचं औषध

मेलेल्या माणसानं निदान पाय धुऊन घरात यावं, एवढीच सुगंधाबाईची अपेक्षा होती. पण तिचा नवरा, गिरधरचा बाप, तेवढंही पाळत नव्हता. जिवंत होता तेव्हा केळीच्या बागेतून आल्यावर ओसरीवरच्या बादलीत पाय बुडवल्याशिवाय उंबरा ओलांडायची त्याची छाती नव्हती. आता जाऊन तीन वर्षं झाली आणि माणूस शेफारला. दुपारचे चार वाजले की तापीचा गाळ पायाला तसाच घेऊन सरळ मधल्या खोलीत यायचा, तिच्या डाव्या हाताला बसायचा, आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही.

बरं, बसायचं तर बस. पण तो श्वास घ्यायचा. मेलेल्याला श्वास कशाला लागतो? आणि घ्यायचा तोही अर्धाच. बारीक शीळ वाजवत हवा आत जायची, लांबच लांब, आणि पुढे काही नाही. बाहेर पडल्याचा आवाज यायचाच नाही. सुगंधाबाई त्याची वाट बघत कान देऊन बसायची, आणि वाट बघता बघता तिचाच दम कोंडायचा.

सून मंगलाबाई दारातून डोकवायची. "माय, कोनासंगे बोली ऱ्हायनी?"

"तुन्हा सासरा येल शे. डोक्यावर पदर घे."

सून पदर घ्यायची आणि पाय न वाजवता निघून जायची. तिला दिसत काहीच नव्हतं. पण भिंतीला उभा करून ठेवलेला पाट रोज संध्याकाळी जमिनीवर मांडलेला सापडायचा, आणि उचलायला गेलं की हाताला गरम लागायचा. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

धाप सुगंधाबाईला नवऱ्याकडून लागली, असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या. सुगंधाबाई त्यांना उभं करत नसे. चाळीस वर्षं ती चुलीपुढे बसली होती, आणि दर थंडीत ऊस तुटला की गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे. नवऱ्यानं तोच धूर खाल्ला होता, वर दिवसाला दोन बंडल बिड्या. धूर काय माणूस बघून छातीत शिरतो?

नवऱ्याचं दुखणं वाढलं ते बासष्ट सालच्या दिवाळीनंतर. गिरधरनं त्याला नंदुरबारला नेलं, सुगंधाबाई बरोबर गेली. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं दोन वस्तू दिल्या. एक काचेचा फवारा, मागे लाल रबरी फुगा लावलेला. काच तोंडात धरायची, फुगा दाबायचा आणि औषधाचं धुकं आत ओढायचं. दुसरा एक डबा. त्यात धोतऱ्याच्या पानांची पूड. ती बशीत पेटवून धूर ओढायचा. पुढचा रोगी आत ढकलता ढकलता डॉक्टर म्हणाला, "दोन्ही जोडीनं घ्यायची हं. एकानं भागणार नाही."

गिरधर बाहेर गाडी बघायला गेला होता. नवरा धापा टाकत होता. ऐकलं ते सुगंधाबाईनं.

शाळेत ती दुसरीपर्यंत गेली होती, पण जोडीनं म्हणजे काय हे तिला कोणी शिकवायला नको होतं. सत्यनारायण जोडीनं करतात. नव्या घराची वास्तुशांत जोडीनं करतात. दोन पाट मांडायचे, बाई नवऱ्याच्या उजव्या हाताला, उपरण्याची गाठ पदराला. एकट्यानं बसलं तर पुण्य लागत नाही. डॉक्टर शहरातला असला तरी रीत जाणणारा निघाला म्हणून तिला त्याचं कौतुकच वाटलं.

त्या दिवसापासून रोज चार वाजता तिनं दोन पाट मांडले. तो फवारा दाबायचा. ती धूर ओढायची.

धूर काही साधा नव्हता. तोंडात कापूस कोंबल्यासारखी जीभ सुकायची. उन्हाकडे बघवायचं नाही. भिंतीवर मुंग्यांच्या रांगा चालायच्या आणि हात लावला की भिंत कोरडी, स्वच्छ. एकदा तर वीस वर्षांपूर्वी मेलेली सासू जात्यापाशी बसलेली दिसली, दळत होती आणि पीठ पडत नव्हतं. सुगंधाबाईनं दात आवळून सगळं सोसलं. गल्लीत मात्र मान ताठ करून सांगितलं, "नवऱ्याला औषध पाजणाऱ्या ढीगभर शेतस. मी अर्धं मन्हा अंगवर लेल शे!" बायांनी कानशिलावर बोटं मोडली होती.

फवाऱ्यानं नवऱ्याला तासभर बरं वाटायचं. मग पुन्हा छाती कोंडायची. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, चार वाजता, पाटावर बसल्या बसल्या त्यानं श्वास आत घेतला. तो बाहेर आला नाही.

यंदा पोळा झाला आणि सुगंधाबाईला चुलीपासून ओसरीपर्यंत चालताना दोनदा टेकायला लागलं. गिरधरनं एसटीनं तिला त्याच दवाखान्यात नेलं. म्हातारा डॉक्टर निवृत्त झाला होता. खुर्चीत नुकतंच मिसरूड फुटलेला एक पोरगा बसला होता. त्यानं तिच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं.

"आजी, हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर निघत नाही. जुनं दुखणं आहे. मुळापासून जाणार नाही, पण श्वास मोकळा करता येईल." त्यानं टेबलावर तसलाच फवारा ठेवला आणि दोन लहान बाटल्या. "हे छातीतल्या आवळलेल्या नळ्या सैल करतं. हे त्यांना पुन्हा आवळू देत नाही. आधी धोतऱ्याचा धूर देत, तेच काम, पण हे मोजून देता येतं. दोन्हींचे इतके इतके थेंब फवाऱ्यात घालायचे. दोन्ही जोडीनं घ्यायची."

सुगंधाबाईनं पदर सावरला. "डॉक्टर, मन्ही जोडी तीन वर्षं झाली मोडली. आते मी कोनासंगे बसू?"

डॉक्टर हसला. "अहो आजी, औषधांची जोडी! माणसांची नाही. दोन्ही एकाच छातीत गेली पाहिजेत. एक औषध एकानं, दुसरं दुसऱ्यानं घेऊन कसं चालेल?"

गिरधरही हसला. मग आईच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू जिथल्या तिथे थांबलं.

"आणि घेतलं तर?" सुगंधाबाईनं विचारलं.

"म्हणजे?"

"फवारा त्यांनी घेतला. धूर मी. सगळा हिवाळा."

डॉक्टरनं नळी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. म्हणाला, "त्यांचं दुखणं फार पुढे गेलं असेल. वाचले असते असं मी म्हणणार नाही."

"वाचायचं विचारत नही मी."

"तो हिवाळा त्यांना सोपा गेला असता," डॉक्टर म्हणाला.

नवरा रोज चार वाजता का येतो, हे तिला परतीच्या एसटीत कळलं. भांडायला येत नव्हता. माया म्हणूनही नाही. त्याचं अर्धं औषध तिच्याकडे राहिलं होतं, ते मागायला येत होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिनं पाट स्वतःच मांडला. गिरधर दोन्ही बाटल्यांतून थेंब घालायला लागला तसा तिनं त्याचा हात धरला. पहिल्या बाटलीचं औषध फवाऱ्यात घेतलं. दुसरी बाटली, बूच लावलेली, शेजारच्या पाटापुढे ठेवली.

"माय, डॉक्टरनं काय सांगं?"

"मले सांगं. तुले नही."

गिरधर गेला. मग नवरा आला, गाळाच्या पायांनी. बसला. शीळ वाजली, आत, आत, आत. संध्याकाळी तिनं बाटली उचलून उजेडात धरली. बूच तसंच घट्ट होतं. औषध बोटभर खाली गेलं होतं.

तिला बरं वाटलं. फिटतंय म्हणायचं.

पण तो काही उठून जाईना. दुसऱ्या दिवशी श्वास आणखी लांबला. बाटली निम्मी झाली, आणि सुगंधाबाईला रात्रभर बसून काढावी लागली. आडवं झालं की छातीवर कोणी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. तिसऱ्या दिवशी मंगलाबाईनं चहा आणला तर सासूचे ओठ जांभळे दिसत होते. "मायनी काही ऐकानंच नही ठरायेल शे," असं पुटपुटत ती गिरधरला बोलवायला मळ्याकडे धावली.

चार वाजले. तो येऊन बसला. आज जवळ सरकून बसला, पूजेला बसतात तसा, आणि त्याच्या उपरण्याचं ओलं टोक तिच्या पदराला लागलं. शीळ सुरू झाली. सुगंधाबाईनं फुगा दाबला, धुकं ओठांतून आत ओढलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत ते तिच्या तोंडातून निघून डाव्या हाताला वाकलं. पाटाकडे गेलं. तिच्या छातीत काही पोचलंच नाही. आत कोंडलेली जुनी हवा बाहेर निघेना, नवीला जागा होईना. कान गच्च झाले. खोलीत एकच श्वास चालू होता, आणि तो तिचा नव्हता.

तिनं पदर हिसकला. सुटेना. खाली बघितलं तर पदराला गाठ होती.

गिरधरच्या लग्नात, त्याच्या वास्तुशांतीत, अशा गाठी तिनं किती सोडल्या होत्या. गाठ तिच्या बोटांना माहीत होती. सोडली. हात लांब करून पाटापुढची बाटली उचलली. तळाशी उरलं होतं तेवढं फवाऱ्यात ओतलं, पहिल्यातलं वर घातलं. काच दातांत धरली आणि फुगा दाबला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कुठेतरी खोल काहीतरी सुटलं, आणि श्वास बाहेर पडला. लांब, मोठा, घरभर ऐकू जाईल असा.

डाव्या हाताची शीळ थांबली. तो मान वळवून तिच्याकडे बघत होता. दारात गिरधर आणि मंगलाबाई उभी होती, पण सुगंधाबाईनं तिकडे लक्ष दिलं नाही. तिनं फवारा मांडीवर ठेवला, दम खाल्ला, आणि पाटाकडे तोंड करून बोलली.

"तुमना वाटा मी खादा. चुकीमा खादा, पन खादा. त्यान्हं जे पाप व्हई ते मन्हं. तो वाटा परत करता येत नही. आते ह्या दोन्ही बाटल्या मन्ह्या शेतस, आनि जोडी आपली मोडेल शे. उठा तठून. अर्धा श्वास घ्यायले मन्हा घरमा यानं नही. आनि ओसरीवर बादली शे, जाताना तरी पाय धुईसन जा."