दुभाषी नको

रिकेचा चेहरा बघून सोलमधली माणसं हटकून फसायची. भाजीवाल्या, टॅक्सीवाले, औषधाच्या दुकानातला म्हातारा, सगळे तिच्याशी घडाघडा बोलायला लागत आणि तिने तोंड उघडलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. निळ्या डोळ्यांचा एखादा विद्यार्थी नुसतं 'नमस्कार' म्हणाला तरी ह्याच माणसांना त्याचं कोण कौतुक! तिला मात्र विचारत, "एवढी मोठी झालीस, आपली भाषा येत नाही?"

येणार कुठून? पाळण्यातली असताना ती दत्तक म्हणून डेन्मार्कला गेली. तिथल्या आईवडिलांनी लाडाने वाढवलं. ओडेन्स शहरात लोकांच्या पाठी-गुडघ्यांना व्यायाम शिकवण्याचं तिचं काम बरं चाललं होतं. चाळिशी जवळ आली आणि दत्तक गेलेल्यांचे जन्मदाते शोधून देणाऱ्या सोलच्या कार्यालयातून फोन आला: जन्मदात्री सापडली आहे, दक्षिणेला समुद्रकाठच्या गावात असते, भेटायला तयार आहे, दुभाषी आम्ही देऊ.

"दुभाषी नको," रिके म्हणाली. "मी शिकून भेटते."

कामावरून लांब रजा घेऊन तिने सोलमध्ये भाषेच्या वर्गात नाव घातलं आणि जवळच एका खानावळवजा घरात खोली घेतली. घराची मालकीण बोंग-सुन. तिला सगळे भाडेकरू मावशी म्हणत.

पण वर्गात रिकेचं बूड टेकेना. प्यो बाई फळ्यावर क्रियापदं लिहीत आणि हिचं लक्ष खिडकीबाहेर. वर्ग सुटला की ती नदीकाठी सायकल दामटायची, मंगवनच्या बाजारात उभ्याउभ्या तिखट भातवड्या खायची, वाफेच्या न्हाणीघरात अनोळखी बायकांकडून पाठ घासून घ्यायची. सोबत वर्गातला जासुर असायचा. तो समरकंदचा, गाड्यांच्या सुट्या भागांचा व्यापारी, पोट सुटलेला आणि गाण्याचा शौकीन. भाड्याच्या गाणंखोलीत माइक हातात आला की तो सोडायचा नाही.

"परत निघालीस?" मावशी दारातच गाठायची. "पायाला भिंगरी बांधलीय का? अभ्यास कधी करणार?"

"रस्त्यात करते, मावशी."

"रस्त्यात कुत्री फिरतात. सूप गरम आहे, बस आधी."

सूप पिऊन ती जायचीच. इतक्या माणसांत आपल्यासारखी तोंडं बघत चालायला तिला आवडायचं, आणि तेवढ्यानेच जीव कासावीस व्हायचा. गर्दीतली प्रत्येक साठीची बाई ती निरखून बघे.

भेट कधी ठरवायची म्हणून कार्यालयातून अधूनमधून फोन येई. रिके म्हणे, ही परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली की म्हणे, पुढची होऊ दे. एकदा नदीकाठी चटई टाकून दोघं तळलेली कोंबडी खात होती, तेव्हा जासुर बोलून गेला, "तुझी भाषा कधीच पुरी पडायची नाही. घाबरतेस, म्हणून शिकतेस."

"तू तुझी कोंबडी खा," ती म्हणाली आणि सायकल घेऊन एकटीच निघून गेली.

थंडी संपता संपता आईनेच निरोप धाडला. गुडघा दाखवायला सोलला येते आहे. मुलीला वाटलं तर बसस्थानकावर भेटावं. आता कुठली परीक्षा पुढे करणार?

फलाटाशी एक ठेंगणी बाई उभी होती. कुरळे केलेले केस, जांभळा जाड कोट, हातात सुक्या मासळीचा खोका. तिने रिकेला ओळखलं आणि कमरेतून वाकली.

"आपण आलात, फार आभारी आहे. आपल्याला यायला त्रास तर झाला नाही ना?"

शब्दन् शब्द रिकेला कळला, आणि तेच टोचलं. प्यो बाईंनी ही बोली पहिल्याच महिन्यात शिकवली होती. बँकेत, दुकानात, परक्या माणसाशी अशी बोलायची.

"मला आपण नका म्हणू," रिकेची जीभ अडखळली. "मी तुमची मुलगी आहात. मला तू म्हणा."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग तोंडावर हात धरून हसायला लागली. "मी आहात!" असं स्वतःशीच म्हणाली, पुन्हा हसली आणि त्या हसण्यातच तिचे डोळे भरून आले. तिने रिकेचं मनगट धरलं आणि बोलायला लागली. ही बोली निराळीच होती, दक्षिणेची, समुद्रकाठची, शब्द गिळणारी, चढउतारांची. रिकेला त्यातलं काही म्हणजे काही कळेना.

"हळू बोला ना."

आई हळू नाही, मोठ्याने बोलायला लागली. आजूबाजूचे वळून बघू लागले.

शेवटी दोघी शेवयांच्या टपरीत बसल्या. आई आपल्या वाटीतलं तिच्या वाटीत घालत राहिली. खाऊन झाल्यावर तिने शब्द जुळवले आणि शहरी भाषेत सावकाश सांगितलं, "तू गावाला येऊ नकोस. घरी कुणाला माहीत नाही."

हे मात्र लख्ख कळलं.

"मग मी कशाला शिकतेय?" रिके डॅनिशमध्ये म्हणाली. आईने काय म्हणून विचारलं, तेव्हा तिने दोघींच्या रिकाम्या वाट्या एकात एक ठेवल्या.

"मी येत जाईन," आई म्हणाली. "गुडघ्याचं निमित्त आहे."

तिला बसमध्ये बसवून रिके पायीच निघाली. नदीवरचा पूल ओलांडला, बाजार ओलांडला, खोलीवर जावंसं वाटेना. दुसऱ्या दिवशी तिने प्यो बाईंना विचारलं, "दक्षिणेची बोली शिकवाल?"

"ती परीक्षेत नसते."

"मला परीक्षा द्यायची नाही."

बाईंनी जरा विचार केला आणि बुसानकडच्या आपल्या एका मैत्रिणीशी तिची गाठ घालून दिली. रजा वाढवून घेताना ओडेन्सच्या वरिष्ठांची बोलणी खावी लागली. दोन्हीकडची घरं तिला अर्धीअर्धी वाटत. कधी परतीचं तिकीट काढावंसं वाटे, कधी बस पकडून सरळ त्या गावात उतरावंसं.

चेरीच्या झाडांना बहर आला तेव्हा आई पुन्हा आली. फलाटावर पाय ठेवताच रिकेच्या पातळ जॅकेटवरून तिची टकळी सुरू झाली. रिकेला निम्मंअधिक समजलं. "मी काय कुकुलं बाळ आहे?" तिने त्याच बोलीत उलट सुनावलं. स्थानकाच्या पायऱ्या उतरेपर्यंत दोघी भांडत होत्या.