सारजाबाई जहाजावर गेली तेव्हा

मित्रांनो, मी भांडगावची एक जुनी म्हैस आहे. घरात सगळे मला बिजली म्हणतात. ज्याने हे नाव ठेवले, त्याने मला कधी चालताना पाहिले नसावे. मी रंगाने काळी, अंगाने थोराड आणि स्वभावाने हट्टी आहे. पण म्हशीची शिंगे म्हशीला जड नसतात, तसा माझा स्वभावही मला कधी जड वाटला नाही.

माझा जन्म याच गोठ्यातला. माझी आईही याच दावणीची. मी जन्मले तेव्हा सारजाबाईने मला फडक्याने पुसले, धरून उभे केले आणि आईच्या कासेला लावले. कालव्याला पाणी सुटले की ती मला डुंबायला न्यायची आणि विटकरीच्या तुकड्याने पाठ घासायची. पुढे मी दूध देऊ लागले. डेअरीवाला फॅट बघून मान डोलवायचा, तेव्हा सारजाबाई पदर सावरत म्हणायची, "घरची पैदास हाय." माझ्याच दुधावर तिचा मुलगा सत्यजीत शिकला आणि त्याने पाटसला ठिबकच्या पाइपचे दुकान टाकले.

सारजाबाई लग्न होऊन या घरात आली, त्या दिवसापासून दावणीला कोणी ना कोणी दुभते होतेच. त्यामुळे ती कुठे मुक्कामाला राहिली नाही. तिचे माहेर तळेगाव ढमढेऱ्याचे. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून, दोन घास खाऊन ती संध्याकाळच्या धारेला परत आली होती. लोक म्हणायचे, सारजाबाईने म्हैस बांधली आहे. मला वाटायचे, म्हशीने सारजाबाई बांधली आहे.

मग गेल्या साली सत्यजीतच्या दुकानातून पाइप भरपूर खपले. कंपनीने खूश होऊन त्याला घरच्यांसह समुद्रातली सहल दिली. मुंबईहून मोठे जहाज निघणार, चार दिवस पाण्यावरच राहायचे आणि जेवणखाण सगळे तिथेच. या घरातले कोणी कधी होडीतसुद्धा बसले नव्हते.

"आई, या बारीला तुला यावंच लागंल," सत्यजीत म्हणाला. "समद्यांची नावं दिल्यात म्या."

"आन् हिची धार कोन काढंल? तुजी कंपनी?"

शेवटी शेजारचा इमाम मदतीला आला. त्याच्याकडे दोन म्हशी, हात हलका आणि जनावराची माया. पण माझे त्या वेताचे रेडकू जगले नव्हते. रेडकू ढुशी द्यायला नसले की म्हैस ओळखीचा हात मागते आणि ओळखीचा वास मागते. मला तो हात एकच ठाऊक होता. इमामला हे कळत होते.

तो म्हणाला, "मावशी, तुमचं अंगावरचं येक लुगडं ठिवून जा. त्ये खांद्यावं घिऊन बसतो. वासानं फसंल ती."

सारजाबाई पोट धरून हसली. पण गोठ्यात वापरायचे हिरवे लुगडे तिने आठवडाभर धुतले नाही. त्याला शेणाचा, पेंडीचा, घामाचा आणि दुधाचा वास लागला होता. तो माझ्यासाठी घराचाच वास होता. इमामला द्यायला म्हणून तिने ते खुंटीवर टांगून ठेवले.

निघायच्या आदल्या दिवशी ते सविताच्या नजरेस पडले. सविता म्हणजे सत्यजीतची बायको, मोठी नेटकी आणि गुणी सून. लुगडे इमामला द्यायचे, एवढेच तिला ठाऊक होते. सासूचे असले मळके लुगडे परक्याच्या हातात कसे द्यायचे, म्हणून तिने ते पावडरमध्ये भिजवले, खळबळून धुतले, इस्त्री केली आणि घडी घालून इमामच्या घरी पोचवले. त्यात सासूला सांगण्यासारखे काही आहे, असे तिला वाटलेच नाही.

सगळे गेले. संध्याकाळी इमाम खांद्यावर लुगडे घेऊन माझ्याखाली बसला. दाढीवाला माणूस हिरव्या लुगड्यात! एरवी मला गंमत वाटली असती. मी मान वळवून वास घेतला. साबणाच्या पावडरीशिवाय त्यात काही नव्हते. इमामने पेंड दिली, कास गोंजारली, अगदी सारजाबाईसारखी हाक मारून पाहिली. माझा पान्हा वर चढून बसला तो बसलाच. लोक म्हणतात, म्हैस पान्हा चोरते. मित्रांनो, चोरी आपल्या मर्जीने करतात. पान्हा माझ्या मर्जीवर नसतो.

दुसऱ्या दिवशी कास टणक झाली. इमामने गरम पाण्याने शेकले. तो सत्यजीतला फोन लावत राहिला, पण जहाज किनाऱ्यापासून लांब गेले होते आणि तिथे रेंज नव्हती. परक्याच्या जनावराला न विचारता सुई कशी टोचायची, या विचारात त्याचा तो दिवस गेला. मग त्याने स्वतःच्या जबाबदारीवर डॉक्टरला आणले. तोवर कासेला सूज येऊन मला दगडी झाली होती. मागचे दोन सड कायमचे गेले.

सारजाबाई परतली ती थेट गोठ्यात आली. जहाजावरचे ओळखीचे कार्ड अजून तिच्या गळ्यात होते. इमाम खाली मान घालून म्हणाला, "मावशी, लई केलं, पर देईनाच ती."

तिने दोरीवरचे लुगडे उचलून नाकाला लावले आणि सविताकडे पाहिले.

"आत्या, म्या धुतलं. मळकं कसं द्यावं म्हनून," सविता कशीबशी बोलली.

"तुला कसं ठावं आसंल गं?" सारजाबाईच्या आवाजात राग नव्हता. "तू कवा बसलीस हिच्याखाली?"

त्यानंतर कित्येक दिवस ती माझी कास शेकायची आणि मला सहलीचे सांगायची. जहाज गावाएवढे होते म्हणे. घरून नेलेल्या दशम्या दारातच काढून घेतल्या. सत्यजीत दुकानदार मंडळींबरोबर नाचला, तेव्हा तिला हसू आवरेना. पहिले दोन दिवस धारेची वेळ झाली की तिचे हात शिवशिवायचे आणि ती कठड्याशी जाऊन उभी राहायची.

"तिसऱ्या दिशी सकाळी मातर नुसती पान्याकडं बघत बसले बघ," ती म्हणाली. "ऊन कवा वर आलं कळलं न्हाई. तुजी याद बी आली न्हाई गं. जल्मात पैल्यांदा."

एवढे बोलून तिने माझ्या पोटाला डोके टेकले आणि ती रडली. त्याच सकाळी माझे सड गेले होते. मला तिचा राग आला नाही. उभ्या आयुष्यात तिला एक मोकळी सकाळ मिळाली होती आणि ती तिला अशी रडत सांगावी लागली, याचे मला फार वाईट वाटले.

सत्यजीत मला विकायचे म्हणत होता. "तिला इकून काय? पुन्हा जहाजावं जायचंय व्हय मला?" असे म्हणून सारजाबाईने तो विषय मिटवला. पुढच्या वेताला मी दोन सडांवर दूध देऊ लागले.

यंदा कंपनीने पुन्हा सहल दिली. सारजाबाईने विचारायच्या आधीच नाही म्हटले. बाकीचे गेले. परवा जहाज कुठल्याशा बंदराला लागल्यावर सत्यजीतने चित्र दिसणारा फोन लावला. सारजाबाई माझ्याखालीच बसली होती.

"आई, बघ गं, पानी कसलं निळंशार दिसतंय."

तिने फोन पेंडीच्या पोत्यावर पालथा घातला. "ठेव बाबा. धार चालू हाय."

धार केव्हाच संपली होती. दोन सडांना असा कितीसा वेळ लागतो?

मित्रांनो, मुक्या जनावरांवर माया करा, असे तुम्हाला शाळेत सांगतात. जरूर करा. पण तुमच्या घरचे जनावर ज्या एकाच माणसाला ओळखते, त्या माणसाशेजारीही जाऊन बसा. कासेला हात लावायला शिका. आमचा वास तुमच्या कपड्यांना लागू द्या. आम्ही एखादी लाथ मारू, मग तुम्हालाही ओळखू लागू. तेवढ्याने ते माणूस चार दिवस कुठे निश्चिंत जाऊन येईल. सारजाबाईचे गुडघे आता दुखतात आणि माझीही फार वेते उरलेली नाहीत. माझ्याखाली अजून घरातले तिच्याशिवाय कोणी येऊन बसलेले नाही.