सासूबाईंची फाइल

डोळ्यांच्या दवाखान्यात नसांचे फोटो काढणाऱ्या या सुनेला सासूबाईंनी चौदा वर्षांत एकदाही नावाने हाक मारली नव्हती. सगळा संसार 'अगं ए'वर निभावला होता. काचबिंदू झाल्यापासून मात्र दर सहा महिन्यांनी याच 'अगं ए'समोर हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून, हिरव्या ठिपक्याकडे गुमान बघत बसायची पाळी त्यांच्यावर यायची, आणि खोटं कशाला बोला, सुनेला त्याचं भारी सुख वाटायचं.

डोळ्यात थेंब घालायचं कामही तिच्याचकडे. तीन वर्षांपूर्वी एका भांडणात सासूबाईंनी तिच्या मेलेल्या आईचा उद्धार केला, त्या दिवसापासून औषधाच्या बाटलीत नळाचं पाणी होतं. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस एकदा सुकली की पुन्हा भरत नाही, हे पेशंटांना तीच समजावून सांगायची. पडद्यावर पहिल्या फोटोवर नवा फोटो चढायचा, गेलेल्या भागाचा लाल पट्टा आणखी रुंद झालेला दिसायचा, आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे.

या खेपेला सकाळीच सासूबाईंनी पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला. म्हातारीचं नशीब, म्हणून तिने ते सोडून दिलं. पण दुपारी पडद्यावर लाल पट्टाच नव्हता, सगळं हिरवंगार. तिने भिंग पुसलं, फोटो पुन्हा काढला, तिसऱ्यांदा काढला, तरी हिरवंच. असं कधी होत नसतं. यंत्रच बिघडलं असणार, म्हणून तिने सासूबाईंना दाराजवळच्या बाकावर नेऊन बसवलं आणि स्वतःचीच हनुवटी टेकवून कळ दाबली. गडबडीत सासूबाईंची फाइल बंद करायची राहिली. ही चूक त्या खोलीत महिन्यातून एकदा तरी व्हायचीच. यंत्र डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचं जाळं ताडून बघायचं आणि एकाचं जाळं दुसऱ्याशी जुळत नसल्यामुळे फोटो नाकारून मोकळं व्हायचं.

आज त्याने नाकारला नाही. तिच्या डोळ्यातली रक्तवाहिनी न् रक्तवाहिनी सासूबाईंच्या पहिल्या फोटोवर तंतोतंत बसली, आणि त्या जाळ्यावरून तो लाल पट्टा पसरत गेला, गेल्या खेपेला होता तेवढाच रुंद. एक डोळा झाकून तिने दाराकडे पाहिलं. दार होतं, भिंतीवरचं घड्याळ होतं, बाकही होता, पण अर्धाच. सासूबाई बसल्या होत्या तो अर्धा कुठेच दिसत नव्हता.

तिथूनच त्यांनी तिला हाक मारली, चौदा वर्षांत पहिल्यांदा, तिच्या नावाने, अगदी लाडाने. मग पर्सची चेन उघडल्याचा आणि छोटंसं झाकण फिरवल्याचा आवाज आला.

"मान मागे टाक बघू," सासूबाई म्हणाल्या. "तुझे थेंब आता मी घालत जाईन. तू भरलेली बाटली आहे माझ्याजवळ."