गिऱ्हाइकाने उलटून पाहण्याआधी

मथुराने नर्स व्हायचं ठरवलं ते सेवेच्या ओढीने नव्हे. इस्पितळात मासळी नसते, एवढाच तिचा विचार होता.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात जन्म झाला आणि मासळीच सोसेना. कोलंबी सोलली की बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे उठत, मग ते फुटून पाणी सुटे. घरात सुकटीची पाटी उलटली की छातीत शिट्टी वाजू लागे. "दर्याची पोर नि दर्याशीच वाकडं," असं तिची आत्या पुतळाबाई चारचौघींत म्हणायची. थोडं थोडं अंगाला लागू द्या, मुरेल, असा सल्ला सगळ्यांनी दिला. काही वर्षं तसं करून पाहिलं. मुरलं नाही. शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी ॲलर्जी असल्याचं सांगितलं आणि मुलीला या सगळ्यापासून लांब ठेवा म्हणाले.

"लांब म्हणजे किती लांब?" आईने, सरूबाईने, विचारलं.

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या दवाखान्याच्या मागेच बोंबील वाळत होते.

बारावीनंतर तिने मरोळच्या एका कारखान्यात रेडिओचे भाग जोडायचं काम धरलं. झाळकामात वितळणाऱ्या कथलाच्या धुराने दम लागला आणि सुपरवायझरने रिक्षात घालून घरी पाठवलं. शिवणाच्या वर्गात कापडाच्या तुसाने तेच झालं. टायपिंग शिकलेल्या मुली कोळीवाड्यातच कितीतरी घरी बसल्या होत्या. उरली अंधेरीच्या बाजारातली सरूबाईची मासळी विकायची जागा. ती तिला सासूकडून मिळाली होती आणि पुढे मथुराकडे जायची होती. लग्नाचं म्हणावं, तर बघायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न असे, पोर बाजारात बसेल ना?

म्हणून १९८४ च्या जूनमध्ये उपनगरातल्या एका इस्पितळाच्या नर्सिंगच्या यादीत नाव लागलं, तेव्हा ती दोनदा जाऊन यादी पाहून आली. आता फक्त तब्येतीची तपासणी राहिली होती.

ती नेमकी पावसाळ्यात आली. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि घरोघरी माळ्यावर सुकी मासळी भरलेली. मथुराचे हे सर्वांत वाईट दिवस. तिची शाळेतली मैत्रीण चंपा अंधेरी पूर्वेला चाळीत राहायची. तिने मथुराला पंधरवडाभर आपल्याकडे ठेवून घेतलं. बोटं कोरडी झाली, छाती मोकळी झाली.

"विचारलं तरच सांगायचं," चंपा म्हणाली. "आणि विचारलं तरी नाहीच सांगायचं."

"खोटं बोलू?"

"खोटं कसलं गं? ते काय तुला वॉर्डात कोलंबी सोलायला बसवणारेत?"

तपासणीच्या दिवशी सरूबाई हिरवं लुगडं नेसून, अंबाड्यात अबोली माळून आली. पालकांची सही लागणार होती. मथुराने दारातच तिला बजावलं, "आये, आत काही बोलू नको."

"मी कशाला बोलते?"

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन होत्या, शांत होत्या. त्यांनी छाती ऐकली, डोळे पाहिले, हात उलटसुलट केले. दमा, फिट, काही? मथुरा नाही म्हणाली. मग त्यांनी सरूबाईला सहीसाठी आत बोलावलं. सरूबाई एकेक अक्षर काढत असताना त्या सहज म्हणाल्या, "कोळीवाड्यातल्या ना तुम्ही? रोज ताजे मासे. म्हणून पोरगी ठणठणीत."

सरूबाईचा हात थांबला.

बाजारात तिची एक रीत होती. पापलेट कालचं असेल, तर गिऱ्हाइकाने कल्ला उचलून बघायच्या आधीच ती सांगून टाकायची, "बाय, कालचा हाय, बर्फातला. कमी दे." त्यामुळे पार्ल्याच्या बायका तिला सोडून दुसरीकडे जात नसत. माल दिला आणि मागाहून बोल आला, असं तिच्या जागेवर कधी झालं नव्हतं.

"मासे नाय खात ती," सरूबाई म्हणाली. "आधीच सांगते, मागनं तुम्ही बोलाल. सोसतच नाय तिला." तिने मथुराचा हात धरला, टेबलावर ठेवला आणि बोटं फाकवून दाखवली. "आता साफ हाय. पण कोलंबी लागली का उठतं. नि सुकटीनं दम लागतो. म्हणून तर तुमच्यात आणली."

मथुराने हात मागे घेतला नाही. घेऊन उपयोग नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "फक्त मासळीनेच दम लागतो?"



"झाळकामानं पण लागला," सरूबाई म्हणाली. "नि त्या कापडानं."

"मला नाही म्हणालीस तू," डॉक्टरीणबाई मथुराला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "इथे दिवसभर फिनेल असतं, स्पिरिट असतं. रात्री वॉर्डात तू एकटी असणार. तुझाच श्वास कोंडला तर पेशंटकडे कोण बघणार?"

"सहा महिने ठेवून बघा," सरूबाई म्हणाली. "पैसे नका देऊ."

"आई, दम्याच्या मुलीला घेता येत नाही. ते माझ्या हातात नाही."

"बरं, तीनच महिने."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक ओळ लिहिली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

बसथांब्यावर दोघी बराच वेळ उभ्या होत्या.

"का बोललीस, आये?"

"उद्या त्यांना कळलं असतं. मग काढलीच असती ना?"

"काढलं असतं तेव्हा काढलं असतं. तोवर मी तिथे असते."

सरूबाईला हे पटलं की नाही कळेना. "म्या काय खोटं बोलली?" ती म्हणाली.

"नाही."

"दुसरी इस्पितळं हायत. तिथं मी भायेरच बसते."

"तिथले फॉर्म कधीच बंद झाले."

बस आली. बसायला जागा मिळाल्यावर सरूबाई हळूच म्हणाली, "पाऊस सरला की माझ्या बाजूला बस. मासळीला हात नको लावू. नुसते पैसे घे."

"पैशांना पण मासळी लागलेली असते, आये."

सरूबाईने आपले हात पदराखाली घेतले.

संध्याकाळी वडिलांनी, महादूने, माळ्यावरची सगळी सुकट उतरवली आणि पुतळाबाईच्या घरी नेऊन ठेवली. वर्षभराचा माल होता.  घर रिकामं झाल्यासारखं दिसत होतं.

शेजारच्या चुलीवर बोंबील भाजत होते. मथुराने खिडकी लावून घेतली. सरूबाई दाराशी बसून तिच्या श्वासाकडे कान लावून होती. आत कोंदट झालं, तशी मथुराने खिडकी पुन्हा उघडली.